पत्र वाचायची लाकडं

"आता तुझ्या बापाची हाक होऊ दे," अण्णा म्हणाला.

शेगडीवर खिचडी होती. गॅसची शेगडी, ज्योत बोटभर. खोलीत आम्ही सात जण, सगळे मराठी, सगळे विलायतेत शिकायला आलेले. शनिवारची दुपार. बाहेर धुकं, आत ओल्या लोकरीचा वास. मी उठलो. खुर्चीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला. कोपऱ्यातली कुणाची तरी छत्री काठीसारखी धरली. गुडघ्यात वाकलो, मान खाली घातली आणि हाक मारली.

"भाकर वाढ वं माय."

हाक अगदी बापाची. शेवटचा 'माय' तो नाकातून ओढतो. ओढता ओढता दम संपतो, मग एक बारीक खोकला. तो खोकलासुद्धा मी केला. पुण्याचा एक जण हसून हसून गादीवर आडवा झाला. अण्णानं टाळ्या वाजवल्या. म्हणाला, डोळे मिटले तर म्हातारा आमच्या दारात उभा आहे असंच वाटतं. मग खिचडी वाढली. पहिली मला. वर तूप.

मी खाल्ली. चांगली झाली होती. राग नाही, लाज नाही, काहीच नाही. थंडीनं बोटं बधिर होतात तेव्हा चिमटा काढला तरी कळत नाही. तसं. आणि ही काही पहिली वेळ नव्हती. चौथी की पाचवी.

अण्णा म्हणजे आमच्या गावच्या कुळकर्ण्याचा मुलगा. गाव रनाळ्याच्या अलीकडं, नंदुरबारहून बैलगाडीनं अर्धा दिवस. माझा बाप त्या गावचा वेसकर, वेशीची राखण पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडं. आम्ही महार. दिवसभर गावाचं पडेल ते काम, आणि सांजच्याला दारोदार हाक. पदरात पडेल ती भाकर.

मला नकला लहानपणापासून येतात. येतात म्हणजे आपोआप होतात. नंदुरबारच्या शाळेत मी व्हरांड्यात बसायचो. आत मास्तर दिसायचे नाहीत, नुसते ऐकू यायचे. तेव्हा आधी मास्तर शिकलो, गणित मागून आलं. पुढं बडोद्याला कॉलेज, तिथून शिष्यवृत्तीवर इकडं. निघताना बाप नंदुरबारच्या स्टेशनापर्यंत चालत आला होता. एवढंच बोलला, "जाय. मांगे देखू नको."

इकडं आलो. पहिल्या दोन घरांत खोली रिकामी असल्याची पाटी होती, मला बघितल्यावर खोली भरली. तिसऱ्या घरात माळ्यावर जागा मिळाली. वर्गात माझ्या डावीकडची खुर्ची रिकामी, उजवीकडची रिकामी. त्याचं मला काही वाटलं नाही, व्हरांड्यात तर खुर्चीच नव्हती. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर तिची नक्कल तरी केली असती. कुणी बोलतच नव्हतं. पहिले दोन महिने मी मराठीचा एक शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नाही. मग खोलीत एकटाच गावच्या बोलीत दोन माणसांचं बोलायचो.

"काय करी ऱ्हायना रे?"

"काय नही. बशेल शे."

दोन्ही मीच. घरमालकीण खालून काठीनं छताला ठोकायची. मग तिच्या ठोकण्याचीही नक्कल झाली.

अशात एक दिवस लायब्ररीच्या जिन्यात मागून आवाज आला. "तू आपल्या वेसकराचा ना?"

वळलो तर अण्णा. सूट, टाय, हातात पुस्तकं. तो युनिव्हर्सिटीत माझ्याआधी वर्षभर आला होता, मला पत्ताच नव्हता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. गावात त्याच्या घराच्या पायरीला आमचा पाय लागला तर ती धुवायचे. इथं हात खांद्यावर. म्हणाला, "इथं जातबीत काही नाही हं. शनिवारी ये जेवायला."

मी गेलो. त्यांनी शेजारी बसवलं. एकाच भांड्यातलं वाढलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. घरी परत येताना मी रस्त्यात एकटाच हसत होतो.

पहिले काही शनिवार प्रोफेसरांच्या नकला झाल्या. मग घरमालकीण. मग लायब्ररीतला शिंकणारा कारकून. सगळे म्हणायचे, हा आला की दिवाळी. मग माणसं संपली. तेव्हा अण्णाला बापाची आठवण झाली. म्हणाला, "तुझा बाप करून दाखव की. गंमत म्हणून." मी केला. त्या दिवसापासून खिचडीआधी हाक, असा रिवाजच पडला.

नाही म्हणायचं तर जायचं कुठं? शनिवारचे चार तास सोडले तर सहा दिवस मी आणि धुकं. आणि दुसरं एक होतं. पत्रं.

बापाला वाचता येत नाही. गावात वाचणारे दोघंच, कुळकर्णी आणि शाळेचा मास्तर. मास्तर कुळकर्ण्याच्याच ओसरीवर राहतो, त्याचंच जेवतो. माझं पत्र नंदुरबारहून गावात आलं की कुळकर्ण्याच्या घरी पडतं. बाप ओट्याखाली उभा राहतो, कुळकर्णी ओट्यावर बसून वाचतो. उत्तरही तोच लिहितो. 'तुझे वडील सुखरूप असून तुझ्या प्रगतीबद्दल समाधान व्यक्त करतात.' माझ्या बापानं आयुष्यात समाधान व्यक्त केलेलं नाही. तो नुसतं 'बरं शे' म्हणतो. पण कार्ड येत होतं. कार्ड आलं म्हणजे बाप आहे.

म्हणून मी पत्रं लांब लिहायचो. आठ आठ पानं. इथला बर्फ, इथली कुत्री कोट घालतात ते, घरमालकीण अंडं कसं फोडते ते. सगळ्या नकला कागदावर उतरवायचो. वाटायचं, बाप ओट्याखाली उभ्यानं हसेल. निदान तेवढा वेळ त्याला कुणी काम सांगणार नाही.

फेब्रुवारी असेल. शनिवार. अण्णाला घरचं पत्र आलं होतं, ते तो खिचडी होईपर्यंत वाचून दाखवत होता. कापूस, बहिणीचं लग्न, विहिरीचं पाणी. मग थांबला, माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, हे ऐक, तुझ्या बापाचं आहे. आमच्या वडिलांनी युक्ती काढलीय. तुझं पत्र आलं की म्हातारा दारात येऊन एकच विचारत बसतो, "काय म्हनस मन्हा आंडोर?" माझा पोरगा काय म्हणतो, एवढंच. वडील म्हणतात, आधी लाकडं फोड. एक ढीग फोडला की दोन पानं. पुढची दोन दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ढिगाला. "या पत्राला चार दिवस पुरला म्हातारा," अण्णा म्हणाला. "तू लांब लिहितोस ते आमच्या चुलीला फार सोयीचं आहे."

सगळे हसले. माझ्या तोंडावरही हसू होतं. ते आधीपासूनच होतं, काढायचं राहून गेलं होतं.

आठ पानं. चार ढीग. मी हिशेब लावला नाही, तो आपोआप लागला. कुत्र्यांच्या कोटाला एक ढीग. अंड्याला एक ढीग. बाप साठीच्या पुढचा. बाभळीचं लाकूड, कुऱ्हाडीचा दांडा हलतो, दोन घाव झाले की तो खोकतो. बापाला हसवायला मी इथं बसून शब्द वाढवत होतो, आणि तो तिथं घाव घालत होता.

"चल," अण्णा म्हणाला. "हाक."

मी उठलो. टॉवेल घेतला नाही. छत्री घेतली नाही. अण्णाच्या पलंगावर चढून उभा राहिलो आणि आठ वर्षांच्या पोराचा आवाज काढला.

"आई, मी टाकतो. आई, आज मी."

उजवा हात मागं नेला आणि भाकर फेकल्यासारखा झटकला. मुद्दाम बाजूला. मग टाळी.

"चुकला. आई, बघ ना, चुकला. धुळीतली उचलतोय. अजून एक दे ना."

दोघं जण हसायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांनी अण्णाकडे बघितलं होतं. अण्णा पांढरा पडला होता. त्याचाच आवाज होता तो. 'बघ ना' म्हणताना तो अजूनही तसाच मान वाकडी करतो, मीही केली.

त्याची आई सोवळ्यात असायची, भाकर टाकायला पोराला सांगायची. मी सहा वर्षांचा, बापाच्या मागं उभा. अण्णा नेम धरून बाजूला टाकायचा. बाप झेपावायचा, चुकायचा, उचलून फुंकर मारायचा, आणि वर बघून म्हणायचा, जोहार. त्या झेपेला तेव्हा मीही हसलो होतो. घरी येऊन सगळ्या महारवाड्याला करून दाखवली होती. बापही हसला होता. माझ्या आयुष्यातली पहिली नक्कल ती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या खोलीतही सांगितलं नाही.

"पुरे," अण्णा म्हणाला. "लहानपणचं आहे ते. पोरं करतात असं."

"लाकडं गेल्या महिन्यातली आहेत, अण्णासाहेब."

खिचडी खाली लागली, वास सुटला, तरी कुणी उठलं नाही. मी उतरलो, कोट घातला. दारापाशी अण्णा मागून म्हणाला, आवाज न चढवता, "इथं तुला जवळ करणारं दुसरं कोण आहे? आणि तुझ्या बापाला पत्र कोण वाचून दाखवणार, तेही बघ."

तेच बघत मी घरी गेलो. त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. आठ पानं नाही. पाच ओळी.

'बा, मी बरा आहे. हे पत्र जो वाचतो आहे तो तुझ्याकडून लाकडं फोडून घेतो. आजपासून फोडू नको. यापुढं माझं पत्र येणार नाही. आलो की मीच तोंडानं सांगीन.'

पत्ता नेहमीचाच घातला. दुसरा नव्हताच. वाचलं तर कुळकर्ण्याला आपल्या तोंडानं ते म्हणावं लागलं असेल. नाही वाचलं तर बाप अजून ओट्याखाली उभा राहून विचारत असेल. काय झालं मला माहीत नाही. कार्ड आलं नाही.

त्याला सव्वा वर्ष झालं. शनिवारी मी बटाटे उकडतो. वर्गातल्या खुर्च्या अजून रिकाम्याच आहेत. अण्णा जिन्यात दिसतो, तो वर जातो, मी खाली येतो. बाप जिवंत आहे की नाही हे विचारायचं असलं तर एकाच माणसाला विचारता येतं. त्याला मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

परीक्षा झाली. पुढच्या महिन्यात बोट.

गावात दिवसाउजेडी शिरणार. बाप असला तर त्याला सांगणार, आजपासून हाक बंद. कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, कुणाचं लाकूड फोडायचं नाही. तो काय म्हणेल मला पाठ आहे. म्हणेल, "वतन शे, कसं सोडानं?" कुळकर्णी ओट्यावरून ऐकत असेल, गाव जमलं असेल. जमू दे. वेसकरी सोडायची. बाप नाही म्हणाला तर त्याच्याशीही भांडेन. गावासमोर भांडेन.