फळ्यावर लिहिलेलं पाणी

माझं अक्षर चांगलं होतं, आणि तेच मला नडलं. नोकरीला लागले त्याच आठवड्यात मोठ्या गुरुजींनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, व्हरांड्यातला सूचनाफळा माझ्या गळ्यात घातला. वर ‘पुढील कार्यक्रम’ असं वळणदार अक्षरात लिहायचं, कडेनं रंगीत खडूची वेल काढायची आणि खाली एकेक ओळ. तोंडी परीक्षा अमुक वारी, लेखी अमुक वारी, मग क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, सहल. लिहून झालं की मी चार पावलं मागं जाऊन स्वतःचंच अक्षर बघत उभी राहायचे. निम्म्या पालकांना तो फळा वाचताच येत नाही, हे माझ्या ध्यानात यायला बरेच महिने गेले.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी देशावरची. लग्नानंतर वाशीला नवा फ्लॅट मिळाला म्हणून इकडं आलेली. तिथून बसनं बेलापूरला जायचं, पुढं धुळीच्या रस्त्यानं चालत शाळा गाठायची. माझ्याकडं चौथीचा वर्ग होता. निम्मी मुलं नव्या वसाहतीतली. त्यांचे वडील कारकून, फिटर, कुणी कोकणातून आलेले, कुणी मराठवाड्यातून. उरलेली निम्मी खाडीकाठच्या दिवाळे गावची, मासेमारी करणाऱ्या घरांतली. खरं सांगायचं तर त्या मुलांच्या दप्तरांना येणाऱ्या वासानं सुरुवातीला मी नाक मुरडायचे. मुलांना ते कळायचं. मुलांना सगळंच कळतं.

त्यांच्यातली एक मुलगी दुसऱ्या बाकावर बसायची. अंगानं किरकोळ, केस तेलानं चप्प बसवलेले आणि आवाज मात्र खणखणीत. वाचनात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. बाकीची मुलं अवघड जोडाक्षर आलं की ते खुशाल गिळून पुढं जायची आणि मी छडी टेबलावर आपटून ओरडायचे, “मधलं गाळायचं नाही. अडलं तर थांबा, पण गाळू नका.” ही मुलगी अडली की थांबायची, ओठ हलवायची, शब्द फोडायची आणि मगच पुढं जायची. वर्ग खुसखुसायचा. तिला त्याचं काही नसायचं.

पण ती शाळेत टिकायची नाही. आठ दिवस नेमानं आली की चार दिवस गायब. परत आल्यावर विचारलं की मान खाली. माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असायचा. “तोंड उघड की,” मी म्हणायचे. तोंड उघडायचं नाही. सहामाही परीक्षेत तर तिनं कहर केला. भाषेच्या पेपरला आली, उत्तम लिहिलं, आणि नंतर गणित आणि परिसर अभ्यास या दोन्ही पेपरांना गैरहजर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हुशार म्हणून मी ज्या मुलीचं नाव मोठ्या गुरुजींपुढं घ्यायचे, तिनंच मला तोंडघशी पाडलं असं मला वाटलं. राग खरा त्याचाच होता, हे आज कबूल करते.

त्याच तावात मी तिच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला. शब्द पाठ आहेत, कारण पुढं ते मला पुन्हा ऐकावे लागले. ‘वारंवार गैरहजर राहण्याची सवय. पालकांचे मुलीच्या शिक्षणाकडे अजिबात लक्ष नाही.’ ‘अजिबात’खाली मी लाल रेघ मारली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि दुसऱ्याच दिवशी तिची आई वर्गाच्या दाराशी उभी. चापूनचोपून नेसलेलं लुगडं, डोक्यावरची टोपली तिनं व्हरांड्यात उतरवून ठेवलेली. मी मनात भांडणाची तयारी केली. पण बाई भांडायला आलीच नव्हती. तिनं प्रगतिपुस्तक माझ्यासमोर ठेवलं. पालकांच्या सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा होता.

“पोरीनं वाचून दावलं,” ती म्हणाली.

मी विचारलं, “कुणी?”

“पोरीनंच. घरात दुसऱ्या कुनाला येतंय? तिचे बापाला नाय येत, मला नाय येत.”

तोपर्यंत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तो शेरा आईबापाला सुनावण्यासाठी लिहिला होता, आणि तो त्यांना वाचून दाखवायचं काम त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीवर पडलं होतं. ‘पालकांचे अजिबात लक्ष नाही’ हे तिनं आपल्याच आईला, चुलीपाशी बसून, तिच्या त्या खणखणीत आवाजात वाचून दाखवलं असणार. मनात आणलं असतं तर गाळता आलं असतं, काहीही बरं बनवून सांगता आलं असतं. कुणाला कळणार होतं?

“बाय, लिवलंय ते खोटं नाय,” आई म्हणाली. “पन ते अर्धंच हाय. आमचे घरी पुनवेला, आवसेला पान्याला उधान असतं. तवा होड्या भरून येतात. म्हावरा निवडायचा, सुकवायचा, मी टोपली घेऊन फिरायची. तान्हं पोर कोन धरील? भांग असला का मी तिला एक दिस घरी ठेवत नाय. तू इचार तिला.”

भांग म्हणजे काय ते मला विचारावं लागलं. अष्टमीपासून एकादशीपर्यंत भरती मंदावते, पाण्याला जोर नसतो, जाळ्यात फारसं येत नाही, ते भांगाचे दिवस. हे सांगताना तिला माझ्या अज्ञानाचं नवल वाटलेलं दिसलं. शिकलेली बाई, आणि हे येत नाही!

निघताना ती थांबली. “तिचा बाप म्हनतो, चौथी पास झाली तर धाडू पाचवीचे शाळंत. नापास झाली तर टोपली.” एवढं बोलून तिनं स्वतःची टोपली डोक्यावर घेतली.

त्या दिवशी माझं शिकवण्यात लक्ष लागलं नाही. दुसऱ्या दिवशी घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून, गुंडाळून, काखेत मारून मी बसमध्ये चढले. कंडक्टरनं विचारलंही, कुणाच्या लग्नाचा मुहूर्त काढताय का. शाळा सुटल्यावर मी हजेरीपट उघडला आणि शेजारी कॅलेंडर पसरलं. गैरहजेरीच्या लाल खुणा मी रोज स्वतःच्या हातानं करत होते, पण त्यांच्याकडं कधी बघितलं नव्हतं. पौर्णिमेच्या आगेमागे लाल, अमावास्येच्या आगेमागे लाल, मधे सगळं स्वच्छ. आणि एकट्या तिचंच नव्हे, दिवाळ्याच्या अकरा मुलांचं तेच. मी त्यांना आळशी म्हणाले होते. त्यांचा नेम माझ्यापेक्षा पक्का होता.

मग मी माझ्या लाडक्या फळ्यावर तारखेपुढं कंसात तिथी लिहायला लागले. आठवड्याभरात वसाहतीतला एक बाप मला भेटायला आला. मराठवाड्यातून आलेला, कुठल्याशा ऑफिसात क्लार्क, फार सभ्य माणूस. म्हणाला, “मॅडम, आम्ही बौद्ध आहोत. शाळेत पंचांग कशाला?” मी फटकन काहीतरी बोलणार होते, पण हल्लीच तोंड पोळलेलं असल्यामुळं आधी कारण सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “मग तिथी कशाला लिहिता? पाणी लिहा ना,” तो म्हणाला. मला हे का सुचलं नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर ‘क्रीडास्पर्धा, भांग’, ‘तोंडी परीक्षा, भांग’, ‘सहल, उधाणाच्या आधी’ अशा ओळी आल्या. वाचता न येणाऱ्या आया आता मुलांना विचारायच्या, बायनं कुठलं पानी लिवलंय?

खरी परीक्षा वार्षिकला होती. मोठ्या गुरुजींनी वेळापत्रक काढलं, तर गणिताचा पेपर बरोबर पुनवेला. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

“परीक्षा काय आता चंद्राला विचारून घ्यायची?” ते म्हणाले. “आणि कोणासाठी? एका मुलीसाठी? आजारपणाचा दाखला लावू तिला, मागाहून पेपर घेऊ.”

“ती आजारी नाहीये,” मी म्हणाले. आवाज चढलाच. “कामाला असते ती. आजारी कशाला म्हणायचं?”

मी हजेरीपट त्यांच्यापुढं उघडला, शेजारी कॅलेंडर ठेवलं आणि अकराही मुलांच्या ओळींवरून बोट फिरवलं. गुरुजींनी चष्मा चढवला. पानं मागं उलटली, पुढं उलटली. निवृत्तीला आलेला तो माणूस प्रत्येक महिन्याखालची स्वतःची सही बघत गेला.

“चार वर्षं दर महिन्याला यावर सही करतोय मी,” शेवटी ते म्हणाले. मग त्यांनी पेन काढून वेळापत्रकावरच्या तारखा खोडल्या आणि परीक्षा आठ दिवस पुढं ढकलली.

आता ती मुलगी परीक्षेला येणार होती, पण गणितात तिचा भागाकार पार बुडालेला होता. भांगाच्या दिवसांत शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घ्यायला लागले. मांडीवर तान्हा भाऊ, समोर पाटी. तो पाटीवरचं पुसायचा, ही पुन्हा मांडायची. मी चिडायचे, मग तिची चिकाटी बघून मलाच शरम वाटायची. परीक्षेला चारही दिवस ती वेळेआधी हजर होती. गणितात पास होण्यापुरते गुण पडले, वर फक्त दोन. मी तो पेपर मोठ्या गुरुजींकडून पुन्हा तपासून घेतला. बाईनं पदरचे दोन गुण घातले असं तिला पुढं कुणी म्हणायला नको होतं.

प्रगतिपुस्तकातला शेरा लिहायला मात्र मला दोन दिवस लागले. हा कोण वाचणार आणि कुणापुढं, हे मला आता माहीत होतं. आधी कच्च्या कागदावर लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला.

निकाल दरवर्षीप्रमाणे एक मेला होता. ती तारीख काही मोठ्या गुरुजींना हलवता येण्यासारखी नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी पुनव. झेंडावंदन झालं, निकाल वाटले. दिवाळ्याचं एकही मूल आलं नव्हतं. मी अकरा प्रगतिपुस्तकं पिशवीत घातली आणि चालत दिवाळ्याला गेले. इतक्या दिवसांत मी त्या गावात पाऊलही टाकलं नव्हतं.

होड्या नुकत्याच लागल्या होत्या. तिची आई सावलीला बसून कोळंबी निवडत होती, मुलगी शेजारी. मला बघून दोघी उठायला लागल्या. मी त्यांना बसवलं आणि पुस्तक मुलीच्या हातात दिलं. तिनं हात फ्रॉकला पुसले. आईचे हात कोळंबीतच राहिले, पण थांबले.

मुलीनं पुस्तक उघडलं. डावीकडं सहामाही, उजवीकडं वार्षिक, अशी ती पानं असायची. तिनं डावीकडून सुरुवात केली. विषय, गुण, गैरहजर, गैरहजर.

“ते राहू दे गं,” मी म्हणाले. “पलीकडचं वाच.”

तिनं माझ्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता, उद्धटपणाही नव्हता. “बाई, तुमीच सांगता ना, मधलं गाळायचं नाय.”

आणि तिनं वाचलं. ‘वारंवार गैरहजर राहण्याची सवय. पालकांचे मुलीच्या शिक्षणाकडे अजिबात लक्ष नाही.’ ‘अजिबात’वर तिनं जोर दिला, कारण तिथं लाल रेघ होती. आजूबाजूच्या चार बाया ऐकत होत्या. मी माझ्या चपलांकडं बघत उभी राहिले. असा शेरा मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिला नाही.

मग ती उजव्या पानावर आली. ‘उत्तीर्ण. इयत्ता पाचवीत घातले आहे. घरचे काम सांभाळून अभ्यास पुरा केला. वाचन वर्गात सर्वांत उत्तम. हिच्या आईचे हिच्याकडे पूर्ण लक्ष आहे. हे वर्गशिक्षिकेला उशिरा कळले.’

आईनं शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, “आता पुरं झालं, बाय,” आणि पुन्हा कोळंबी निवडायला लागली. काही वेळानं, मान वर न करताच, तिनं विचारलं, “पाचवीचे शाळंत पन फल्यावर पानी लिवतात का?”

मी खरं ते सांगितलं. त्यांना हे माहीतच नसेल. मी जाऊन सांगेन.

जूनमध्ये शाळा उघडली त्याच दिवशी मी गेले. कॅलेंडर काखेत होतं.