राजीनाम्याच्या दिवशीची सप्तपदी

स्नेहीजनहो, आज सकाळी संस्कृत शिक्षकपदाचा राजीनामा दिला; जोडीला करीत असलेले पौरोहित्य मात्र चालू ठेवले.

मुख्याध्यापक म्हणाले, "सर, शाळा सोडून राह्यले, मंग लग्नं कशी लावता?"

"पत्नी गेल्यापासून श्लोकांचा अर्थ सांगवत नाही," मी म्हणालो. "लग्नात तो कुणी विचारत नाही."

दुपारी घनसावंगीत लग्न लावले. वधू माझीच माजी विद्यार्थिनी. सप्तपदीला ती अडून उभी राहिली. "सर, वर्गात सांगायचे तसा अर्थ सांगा. त्याबिगर मी पाऊल न्हाई टाकणार!" मंडप हसला.

सहा पावलांचा अर्थ सांगितला. सातवे पाऊल जन्मभराच्या सख्याचे. तेथे अर्थ गाळून मी केवळ मंत्र म्हटला. तिने खाली मान घालून पाऊल टाकले.

आता पौरोहित्यही सोडले, तर मी दिवस कसे कंठावेत, हे आपणांपैकी कोणी सांगू शकेल काय?