सावळीरामच्या पाठीचा निकाल

न्यायाधीशसाहेबांनी नुसतं विचारलं, "काय सावळीराम, आता तब्येत कशी?" आणि सावळीरामने हात जोडून सांगितलं, "बेस हाय साहेब, आपल्या कृपेनं."

झालं! विमा कंपनीचा वकील अर्धवट उठून म्हणाला, "हे नोंदीत यावं." आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे अशील नाशिकच्या कोर्टाला नवे नव्हते, पण इतक्या अदबीनं आजवर कुणी पाडला नव्हता.

बाहेर व्हरांड्यात सावळीरामच्या वकिलानं, खंडेरावांनी, कपाळ पुसलं.

"आपला दावा कशाचा आहे?"

"पाठीचा."

"काय झालंय पाठीला?"

"लय दुखते."

"मग हे आत का नाही बोललात?"

सावळीरामने विचार केला. "मोठ्या माणसानं इच्चारलं तर बेसच म्हणायचं ना?"

सवयच तशी. नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात तो वीस वर्षं हमाल होता. तिथले कायदे लेखी नव्हते, पण पक्के होते. पाठ दुखते असं जो म्हणेल त्याला मुकादम प्रेमानं सांगायचा, "मग आराम कर बाबा." हा आराम कायमचा असे. त्यामुळे टोळीत सगळ्यांच्या पाठी बेस होत्या. दुसरा कायदा असा, की एकानं दुसऱ्याचं पोतं उतरवलं तर दुसऱ्यानं त्याचं एक उतरवायचं. ही फेड पैशात चालत नसे. पैसे देऊन मोकळा होतो तो शेठ, हमाल नव्हे.

एकोणऐंशीच्या दिवाळीआधी सावळीरामच्या वाट्याचं एकच पोतं गाडीत राहिलं असताना ड्रायव्हरनं न बघता ट्रक मागं घेतला. ट्रकच्या मागच्या फळीनं, फाळक्यानं, सावळीरामला भिंतीशी दाबलं. जोडीदार काळूनं त्याला हातगाडीवर घालून दवाखान्यात पोचवलं, आणि परत येऊन ते राहिलेलं पोतं उतरवलं. पोतं काही दवाखान्यात जाणार नव्हतं.

मणका जुळला, पण वाकणं गेलं ते गेलंच. बायको सुलाबाई बिड्या वळू लागली. कोर्टानं दुखणं मानलं तर ट्रकच्या विम्याचे चार पैसे हाती येऊन एखादी टपरी टाकता येणार होती. नाहीतर जन्मभर बिड्या होत्याच.

पुढच्या तारखेआधी खंडेरावांनी त्याला खरं दुखणं खऱ्यासारखं सांगायचा अभ्यास दिला. सावळीरामने घरी भिंतीला टेकून उजळणी केली, "आई गं."

सुलाबाईच्या हातातली बिडी सुटली. "आवो, ही काय कण्हायची रीत झाली? आईला हाक मारल्यागत म्हणता. म्हातारी असती तर 'आले' म्हणाली असती."

तेव्हा खंडेरावांनी साक्षीला सुलाबाईलाच उभं केलं.

विमा कंपनीचा वकील गोड आवाजात म्हणाला, "बाई, तुमचे मालक तर याच कोर्टात म्हणाले, बेस आहे."

"मागं त्यांना कावीळ झाली साहेब. डोळे हळदीवानी पिवळे. तवाबी बेसच व्हते."

न्यायाधीशसाहेबांनी उगाचच कागदात तोंड घातलं.

"मग दुखतंय हे तुम्हाला कसं कळतं?" वकिलानं विचारलं.

"मी त्यांच्या पायात चपला घालते ना, तवा हे भिताडाकडं बघत्यात. माझ्याकडं बघत नाय."

साहेबांनी कागदातून मान वर केली. वकिलानं आवाज बदलला. "साहेब, ही हमालाची पाठ आहे. ट्रक नसता आला तरी झिजलेलीच होती."

हे मात्र सावळीरामला झोंबलं. मागच्या बाकावरून तो उठू लागला. आधी बाक धरला, मग खिडकीचा गज, मग परत बाक. शिपाई आवाज द्यायला निघाला होता, तो थांबला. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. सावळीराम ताठ होईस्तोवर वकील खाली बसलासुद्धा.

"साहेब, त्या दिशी सकाळी माझ्या वाटणीची आख्खी गाडी खाली केली मी. एक पोतं राहिलं होतं. तेवढंच."

निकाल लागला तोवर त्र्याऐंशी साल उजाडलं होतं. औषधपाण्याचे मिळाले, बुडालेल्या मजुरीचे मिळाले, आणि वर वेगळे पाच हजार.

"हे कशाचे?" सावळीरामने विचारलं.

"वेदना आणि यातनांचे," खंडेराव म्हणाले.

"म्हंजी नुसत्या दुखण्याचे?"

"नुसत्या दुखण्याचे."

"मग आधीच्या वीस वर्षांचे?"

खंडेरावांनी फाईल बांधली. "त्याला ट्रक लागतो."

द्वारकेलाच चहाची टपरी उभी राहिली. सगळ्या बरण्या छातीच्या उंचीवर. त्याखालचं जग सुलाबाईकडे. पहिल्याच दिवशी काळू आला. सावळीरामने त्याच्यापुढं एक नोट धरली.

"ही कशाची?"

"त्या पोत्याची."

"सावळ्या, शेठ कधीपासून झाला रं तू?"

"मग फेडू कसं?"

"पोत्यानं."

"अरे, पण पाठ..."

"मला कुठं घाई हाय?"

काळू रोज येतो, चहाचे पैसे चोख देतो आणि चार गिऱ्हाइकांदेखत बजावतो, "माझं एक पोतं हाय बरं का तुझ्याकडं."

"ध्यानात हाय," सावळीराम म्हणतो. मग हळूच विचारतो, "तुझी पाठ कशी हाय?"

"बेस," काळू म्हणतो, आणि बाकाला धरून उठतो.