चक्रावरची अक्षरं

चिंचेनं पितळ घासल्याचा वास आला की मला कुंभकोणमच्या आमच्या भांड्यांच्या दुकानात आलेला तो तिबेटी भिक्षू आठवतो. त्याच्या म्हाताऱ्या गुरूंच्या, जप म्हणून हातात धरून फिरवायच्या पितळी मंत्रचक्रावरची अक्षरं झिजली होती, ती पुन्हा कोरायची होती. बायको म्हणाली, “अहो, तुम्हांस स्वतःचं नाव लिहायला येईना, मंत्र काय कोरता?” मी म्हटलं, भांड्यांवर नावं घालतो तसंच, चित्र बघून. पण एकेका अक्षराला उंदरासारखी शेपूट, एखादी चुकली तर गुरूंचा मंत्रच बिघडायचा, म्हणून एकेक शेपूट जुन्या खुणेशी ताडून कोरली. भिक्षूनं प्रत्येक अक्षरावर बोट फिरवलं नि मान डोलावली. मी विचारलं, “स्वामी, लिहिलंय काय यात?” तो मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हणाला, “सगळ्या जिवांचं दुःख सरो. वाचता येत नसेल तर नुसतं फिरव, वाचल्यासारखंच आहे.” जन्मात पहिल्यांदा वाचायला मिळालं म्हणून मी ते झोकात फिरवलं. त्यानं हसत माझं मनगट धरलं, “देवळाला प्रदक्षिणा घालता ना, त्या बाजूनं.” फिरकीच्या तांब्यांची झाकणं उघडून उघडून हाताला डावीकडेच वळायची सवय. बायको अजून पाहुण्यांना सांगते, “यांनी जन्मात एकदाच वाचलं, तेही उलटं.”