दुसरा माणूस

ह्यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून माझा जप रोज चालू होता, पण खरं सांगायचं तर त्यात जीव राहिला नव्हता. मी दत्ताची, हे कशाचेच नाहीत. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, त्यामुळे मोजता येतं तेवढंच खरं. "स्टेंट डॉक्टरांनी टाकला, तुझ्या दत्ताने नाही," हे मी दोन वर्षं ऐकत होते. ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं, की आपण देवाशी नुसती घासाघीसच केली. हे दे, म्हणजे अकरा गुरुवार करते! अशी डळमळीत भक्ती घेऊनच मी ह्यांच्याबरोबर मंदारकडे, आमच्या मुलाकडे, दोह्याला आले.

एका शुक्रवारी सकाळी मंदार आम्हाला अल खोरजवळच्या चुनखडीच्या बेटावर घेऊन गेला. कतार म्हणजे वाळू आणि काचेच्या इमारती अशी माझी ठाम समजूत. आणि इथे हिरवंगार खारफुटीचं रान, त्यातून चालत जायची वाट, उथळ पाण्यात एका पायावर उभे राहिलेले रोहित पक्षी! पलीकडे पांढुरक्या दगडाच्या टेकड्या. नुसता हात फिरवला तरी खडूसारखा चुना बोटांना लागायचा. लाटांनी त्यांना खालून कोरून कोरून गुहा केल्या होत्या. एकीत मी वाकून शिरले तर आत छान गारवा, आणि छतावर पाण्याच्या उजेडाची जाळी हलत होती. भिंतीत इवले इवले शिंपले रुतलेले. मी नकळत हात जोडले. हे म्हणाले, "हात कसले जोडतेस? जुना समुद्रतळ आहे हा." तेही खरंच होतं म्हणा.

पाण्यात शिरलेल्या टेकडीच्या टोकापलीकडे आणखी मोठी गुहा होती. ह्यांना ती बघायचीच होती. "बाबा, आता भरती सुरू होईल," मंदार म्हणाला.

"पाणी कुठून येतं ते मला शिकवू नकोस. तीस वर्षं कालवे सांभाळलेत." आणि गेले तरातरा.

कालव्याचं पाणी दरवाजा उघडला की येतं. समुद्र कुणाला विचारत नाही. अर्ध्या तासात टोकाखालची वाळू दिसेनाशी झाली. हाकांना उत्तर नाही, फोन लागत नाही. मंदार कमरेएवढ्या पाण्यात शिरला, पण चिखलात पाय रुतायला लागले तसा परत फिरला आणि मदत शोधायला वाटेने धावत सुटला.

मी एकटी उरले. सवयीप्रमाणे नवस बोलायला तोंड उघडलं, तर शब्द फुटेना. अकरा गुरुवार? एकवीस? त्या पाण्यापुढे माझीच मला लाज वाटली. शेवटी एवढंच म्हणाले, "दत्ता, हा माणूस तुझा आहे. ठेव, नाहीतर ने." आणि ढसाढसा रडले. पण रडताना मन हलकं झालं होतं, हे मी लपवणार नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मंदार एका गार्डला घेऊन परत आला, तेवढ्यात टोकाला वळसा घालून एक लहान होडी आली. होडीत डोक्याला फडकं गुंडाळलेला एक म्हातारा अरब, आणि त्याच्या पुढ्यात ओलेचिंब झालेले हे. मंदारने त्यांना धरून उतरवलं. म्हातारा मात्र उतरेना. अरबी वळणाच्या हिंदीत त्याने विचारलं, "दूसरा आदमी किधर?"

"दूसरा कौन?" मंदार गोंधळला.

"ये गुफा में चिल्लाता था. दिगंबर, दिगंबर! बहुत जोर से. आवाज सुनके मैं आया. ये मिला, दिगंबर नहीं मिला. पानी ऊपर आता है. यल्ला, मैं फिर जाता." तो होडी वळवायलाही लागला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात ते नाव ह्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं. मान खाली घालून शर्ट पिळत हे पुटपुटले, "अगं, दुसरं काही सुचेना. तू रोज म्हणतेस, तेच तोंडात आलं."

ज्या जपात जीव नाही म्हणून मी झुरत होते, तो शेजारच्या खुर्चीत पेपर वाचणाऱ्या माणसात मुरत होता, आणि मला पत्ताही नव्हता.

कधी न पाहिलेल्या माणसासाठी तो म्हातारा पुन्हा भरतीच्या पाण्यात निघाला होता. मी धावत जाऊन होडीची कड धरली. "चाचा, मत जाओ. दिगंबर मिल गया."

"पक्का?"

"पक्का."

"अल्हम्दुलिल्ला," तो म्हणाला. छातीवर हात ठेवून हसला आणि निघून गेला. त्याचं नाव विचारायचंही भान राहिलं नाही. रोज संध्याकाळी दिवा लावताना त्याच्यासाठी हात जोडते.

गुरुवार मोजणं मी सोडलं. मागणंही सोडलं. मन लागो न लागो, नाव तेवढं घेते. ते कुणाच्या ओठी, कुठल्या अंधारात कामी यायचं, ते त्याचं तो बघतो.