आधी गाव सांग

कोर्टबाईंना मूर्ख माणसांचा मनस्वी तिटकारा होता, आणि त्यांच्या मते डहाणू-तलासरी या दोन तालुक्यांत मिळून शहाणी माणसं दोनच होती. एक त्या स्वतः. दुसरं कोण, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी नव्हतो, एवढं मात्र त्यांनी मला वेळोवेळी कळवलं.

आमच्या छोट्याशा रेडिओ केंद्रावर दर गुरुवारी दुपारी तीन वाजता त्या कायद्याचा सल्ला द्यायच्या. मी निवेदक. "श्रोतेहो, सप्रेम नमस्कार" असं मी घोळवून म्हणायचो, तेवढा वेळ त्या डोळे मिटून सहन करायच्या. मग फोन लागला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "गाव कुठलं?" कुणी नुसतं डहाणू म्हटलं की संपलंच. "डहाणू बोर्डीपासून सायवनपर्यंत पसरलंय. आधी गाव सांग, मग पाडा सांग, मग रड." पाडा कळला की तिथली वाट, तिथला पोलीस पाटील, तिथून सुटणारी सकाळची बस, सगळं त्यांच्या डोक्यात हजर असायचं. उत्तर त्यानंतर. "तुमचा तलाठी बुधवारी नसतो. मंगळवारी जा, पहिल्या गाडीनं जा, आणि भावाला बरोबर नेऊ नकोस, तो फार बोलतो." भाऊ फार बोलतो हे त्यांना कसं ठाऊक, हे विचारायची आमची छाती नव्हती.

एकदा बोर्डीच्या एका गृहस्थानं विचारलं, की शेजाऱ्याच्या माडावरचा नारळ आमच्या वाडीत पडला तर तो कुणाचा? बाई म्हणाल्या, "पडला तेव्हा तुम्ही कुठं होतात?" "ओटीवर." "थोडं पुढं बसायला हवं होतं." मग पाच मिनिटं त्याला नीट समजावलं, आणि शेवटी आजवर पडलेले अर्धे नारळ शेजाऱ्याकडे स्वतः नेऊन द्यायला सांगितलं. कारण त्या शेजाऱ्याची बायको महिनाभर अंथरुणाला खिळलेली होती आणि या शहाण्यानं एकदाही तिकडे डोकावलं नव्हतं. तेही बाईंना ठाऊक होतं. पुढच्या गुरुवारी त्याच गृहस्थानं पुन्हा फोन केला, नुसतं नारळ दिले हे सांगायला. माणसं हौसेनं त्यांच्या शिव्या खायची.

शिव्या तीन भाषांत असत. झाईच्या मासळीवालीला गुजराती, बाजारातल्या दुकानदाराला मराठी, पाड्यावरच्या माणसाला पाड्याची बोली. मी एकदा कौतुक केलं, तर म्हणाल्या, "अपमान ज्याच्या त्याच्या भाषेत व्हायला हवा. नाहीतर लागत नाही."

वकिलांचा त्यांना फारच राग. "तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा" असं सांगणारे तज्ज्ञ म्हणजे, त्यांच्या मते, पानावर बसलेल्याला "कुठंतरी जेवून घ्या" म्हणणारे यजमान. त्या स्वतः तीस वर्षं डहाणूच्या कोर्टात काळा कोट घालून उभ्या राहत आल्या होत्या. पण कोर्टातला एक शब्दही त्यांनी कधी माइकवर आणला नाही. त्यामागे काही विचार असेल, असं मला तेव्हा वाटलं नाही. मला वाटायचं, बाईंची भाषा जरा गावंढळ आहे.

मग आमच्याकडे राष्ट्र आलं. म्हणजे केंद्राला मदत करणाऱ्या संस्थेचे दोन गृहस्थ आले. इस्त्रीचे सुती कुर्ते, पायांत कोरे बूट, हातात आमचेच चिकू. हा कार्यक्रम देशभर जायला हवा, असं त्यांचं म्हणणं. हिंदीत लिहून घेतलेली उत्तरं, दहा भाषांत भाषांतर, सगळीकडे एकाच वेळी. "मॅडम, यू आर अ ब्रँड," त्यातला एक म्हणाला. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "हा काय म्हणतोय? साबण आहे का मी?"

त्या गृहस्थांची एकच अट होती. ते गाव-पाडा विचारणं तेवढं बंद करायचं. पाटण्याच्या श्रोत्याला सायवनच्या पाड्याशी काय घेणं? बाई म्हणाल्या, "मग पाटण्याच्या श्रोत्याला पाटण्यात बाई बघून द्या. मी इथं आहे." आणि पिशवी उचलून त्या चालू लागल्या.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, आणि ते सांगताना जीभ अडखळते. मला राष्ट्रीय व्हायचं होतं. घोळवलेल्या "सप्रेम नमस्कारा"ला देश कमी पडत होता. बाईंच्या मागे मी मीटिंगमध्ये म्हणालो, की कार्यक्रमाला आता शिस्त हवी. नमुन्याचा पहिला भाग बाईंशिवायच करायचा ठरलं. मराठी भाषांतर माझं, आवाज माझा.

प्रश्न सायवनच्या जयवंतीचा होता. तिनं फोनवर नोंदवून ठेवलेला. नवरा वापीच्या कंपनीत लागला, तिथंच दुसरीबरोबर राहतो, दोन पोरं हिच्याकडे टाकून. काय करू? हिंदी कागदावर "गुजारा भत्ता" असं होतं. मी त्याचं झोकात मराठी केलं: "पीडित पत्नीने खावटीसाठी सक्षम कार्यालयाकडे अर्ज करावा." खावटी हा शब्द मी कोर्टाच्या कागदांवर वाचला होता. नवऱ्यानं बायकोला पोसण्यासाठी द्यायचे पैसे म्हणजे खावटी. कसा भारदस्त वाटला मला तो.

पण आमच्या पाड्यांवर खावटी म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पावसाळ्यात हाताला काम नसतं तेव्हा सरकारकडून मिळते ती धान्याची नि पैशांची मदत. जयवंती रेडिओवर सांगितल्याप्रमाणे डहाणूच्या सरकारी कचेरीत गेली आणि खावटी मागितली. तिथला कारकून खरं तेच बोलला: सध्या योजना बंद आहे, पुन्हा निघाली तर कळेल. ती घरी गेली आणि वाट बघू लागली. मधूनमधून येऊन विचारून जायची. असे आठ महिने गेले.

तोवर आमचा कार्यक्रम राष्ट्रीय झाला होता. माझा आवाज नव्हे. तो त्यांना फार स्थानिक वाटला. गुरुवारी तीनला दिल्लीहून एक गुळगुळीत वकील बोलायचा आणि मी त्याचं बटण दाबायचो. अशाच एका गुरुवारी जयवंती बाईंना शोधत केंद्रावर आली. मी कामात होतो. कसल्या, ते विचारू नका. शिपायाच्या हाती कोर्टाचा पत्ता लिहून पाठवला, तिचं तोंडही पाहिलं नाही.

संध्याकाळी बाई आल्या. बसल्या नाहीत.

"खावटी हा शब्द कुणी घातला?"

"मी. कोर्टाच्या कागदावर..."

"कोर्टाचे कागद मी तीस वर्षं लिहिलेत. माइकवर कधी तो शब्द ऐकलास माझ्या तोंडून? नवऱ्याकडून पैसे, असंच म्हणायचे मी. का म्हणायचे?"

त्यांनी पिशवीतून अर्जाची प्रत काढून माझ्यापुढे टाकली.

"आज अर्ज टाकला तिचा. कोर्ट अर्जाच्या तारखेपासून धरतं. आधीचे आठ महिने बुडाले. त्या दोन पोरांनी आठ महिने काय खाल्लं, ते तुझ्या राष्ट्राला विचार."

जयवंतीला बाईंनी पैसे मिळवून दिले, अर्जाच्या तारखेपासूनचे. मी मात्र बाईंची माफी मागत सुटलो. कोर्टाच्या पायरीवर मागितली, बाजारात मागितली, फोनवर मागितली. त्या दर वेळी "बरं" म्हणायच्या आणि वांगी निवडायच्या. गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या. बोर्डीच्या घरी भेटायला गेलो, खाटेवर अर्ध्या झाल्या होत्या. मी पुन्हा सुरू केलं: बाई, माझ्या हातून चूक झाली.

त्यांनी डोळे उघडले. "माझी कसली माफी मागतोस, बावळटा? मी उपाशी होते का? सायवनला बस जाते."

चौथ्या दिवशी त्या गेल्या. मी रडलो, आणि रडताना मला स्वतःची चीड आली. इतक्या वर्षांत मला त्या बसचा विचार सुचला नव्हता.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सायवनची गाडी धरली. जयवंती अंगणात भात पाखडत होती. मी माझं नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "तुमी रेडिओवाले ना? आवाज वळकला." आत जाऊन पाणी घेऊन आली. मी तांब्या हातात धरून उभाच.

"बाईंनी सांगितलं ना," ती म्हणाली, "उशीर झाला म्हणून मागचं नाय मिळालं. पण तुमी रेडिओत बोलले तसाच केला मी. खावटी मागितली. माझा काय चुकला?"

"तुमचं काहीच चुकलं नाही," मी म्हणालो. "शब्द मी चुकीचा सांगितला. चूक माझी."

ती रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "मग ता रेडिओत सांगा ना. पल्याडच्या पाड्यावरची एक बाय, नवऱ्यानी टाकलेली, परवाच कचेरीत जाऊन आली. खावटी मागायला."

दर गुरुवारी तीन वाजता तिथं आता दिल्ली बोलते, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? मी पाणी प्यायलो, तांब्या परत दिला आणि विचारलं, "ती बाई कुठल्या पाड्यावरची? वाट दाखवा."