पंख्यात अडकलेली रुई

नवा लॅपटॉप खोक्यातून काढला, आणि त्याच्या कोऱ्या वासाने नालवाडीतली एक दुपार आठवली. याच मालिकेतलं पहिलं मॉडेल तेव्हा माझ्याकडे होतं, जाडीला वहीएवढं, आत छोटा पंखा आणि तळाला सात स्क्रू. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात, रुईच्या ढिगाशेजारी बसून मी पहिल्या पानासाठीची माझी पहिली बातमी लिहिली होती. ती पाठवण्याआधीच लॅपटॉप तापून बंद पडला. पान पाचला छपाईला जाणार होतं, चार वाजले होते, आणि धावत गेलो तर दुरुस्तीच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या शिलाईच्या दुकानातून एका बाईंनी विचारलं, "काय झालं भाऊ, तोंड काऊन उतरलं?" मी सांगितलं. त्यांनी लॅपटॉपच्या फटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "कापसात बसले होते ना? माह्या मशीनचंही असंच होते." शिलाई मशीनच्या पेचकसाने त्यांनी एकेक स्क्रू काढला, कापड बेतायच्या टेबलावर खडूने सात गोल आखून त्यांत ठेवला, आणि बॉबिन साफ करायच्या ब्रशने पंख्यातली रुई ओढली. "एवढुसा काम्पुटर, अन् पोटात अर्धी गादी!" बातमी वेळेत गेली. निघताना त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "ठेवा, तुमाले पुन्हा लागन." पुढची मॉडेलं पातळ होत गेली. या नव्यात तर पंखाच नाही, रुई शिरायला फट नाही. तरी त्याच्या पिशवीत मी सगळ्यात आधी तो ब्रश ठेवला.